कपभर जुनं तेल

१४ एप्रिल

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहिलं असं समज आणि थेट इथे ये, कारण माझी गाडी आजारी आहे आणि तिला दाखवायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील टकळी नुसती चालू असते आणि कामाचं एक अक्षर नसतं. बाबांनी फेब्रुवारीच्या एक तारखेला मला ही पिकअप दिली. जुनी आहे, पण ऑटोमॅटिक आहे. लहानपणी मोडलेल्या माझ्या डाव्या पायाला क्लच झेपत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम शोधून आणली. देताना अट घातली, ती तुला बोललेच असतील. सहा महिने, म्हणजे एकतीस जुलैपर्यंत, धंदा बंद न पाडता चालवून दाखवायचा. जमलं तर ते पाइप आणि नळांच्या दुकानाचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढणार नाहीत. नाही जमलं तर मी मुकाट्याने घरी परतायचं आणि गल्ल्यावर बसायचं. मी हो म्हणाले. शाळा संपल्यावर दोन वर्षं बसले होते ना मी तिथे. दिवसभर लोकांना अर्ध्या इंचाचे एल्बो मोजून देताना वाटायचं, खोक्यात एल्बो नाहीत, मीच आहे.

धंदा मात्र छान चाललाय. गावातल्या चार काचवाल्यांकडे स्वतःची गाडी नाही. त्यांच्या काचा मी लाकडी घोडीवर उभ्या बांधते आणि बांधकामांवर पोचवते. अडीच महिन्यांत एकच फुटली, तीही उतरवून घेणाऱ्याच्या कोपराने.

आता दुखणं. आठ दिवस झाले, सकाळी दांडा 'डी'वर ओढला की गाडी विचार करत बसते. दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का देऊन निघते. मागे काचा असतात, माझा जीव वरखाली होतो. आणि वेग घेताना कधीकधी इंजिन ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र आहे तिथेच. मी गिअरच्या तेलाची पट्टी काढून बघितली. सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, इंजिनाचं तेल बघतो तसं. तेल खुणेच्या बरंच वर होतं. जास्त झालंय का? थोडं काढून टाकू?

बाबांना कळवलेलं नाही. त्यांना आनंद होईल अशी भीती वाटते.

तुझी,
टकळी


१९ एप्रिल

टकळे,

एक थेंबही काढू नकोस. काढला असशील तर परत घाल आणि मला सांगू नकोस, मला राग येईल.

इंजिनाचं तेल गाडी बंद असताना बघतात. ऑटोमॅटिक गिअरचं तेल गाडी चालू असताना. बंद गाडीत सगळं तेल खाली पॅनमध्ये उतरतं, मग पट्टीवर पूर आलेला दिसणारच. तीस वर्षं मी वर्कशॉपात गिअरबॉक्स उघडले. कुणीतरी असंच थंड गाडीत तेल बघायचं, जास्त दिसतंय म्हणून काढायचं, आणि मग ती गाडी ओढत माझ्याकडे यायची.

आता मी सांगते तसं कर. वीस मिनिटं गाडी फिरव. सपाट जागी उभी कर, हँडब्रेक ओढ, इंजिन चालूच ठेव. ब्रेकवर पाय दाबून दांडा प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरव आणि पार्कमध्ये आण. मग पट्टी काढ, पूस, परत घाल, पुन्हा काढ. पुसायला धागे सुटणारं फडकं घ्यायचं नाही. पातळी लिहून ठेव. मग पट्टीच्या टोकाचा एक थेंब सोबतच्या टीपकागदावर पडू दे. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. दिवसभर वाळव आणि पाकिटात घालून पाठव.

थेंब लाल असला आणि छान पसरला तर घाबरायचं कारण नाही. तपकिरी आणि जळकट असला तर आतल्या क्लचच्या चकत्या जळतायत. दुधाळ गुलाबी दिसला तर पाणी शिरलंय. मला बघू दे, मग बोलू.

इंजिन कसं ओरडतं ते मला लिहू नकोस. शेजारचा कुत्रा मला आता नुसता तोंड उघडताना दिसतो. वर्कशॉपने कान नेले, नाक आणि डोळे ठेवले. तू सारखी मोबाइल घे म्हणतेस. मोबाइलवर थेंब येतो का?

त्या अटीचं मला काही माहीत नव्हतं. तुझ्या बापाने फक्त 'पोरीला गाडी घेऊन दिली' एवढं कळवलं होतं. कुठून घेतली त्याने?

आत्या


२५ एप्रिल

आत्या,

थेंब पाठवलाय. बोट लावलं नाही, फुंकर मारली नाही, श्वाससुद्धा बेताने घेतला. पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये आहे. मला तर थेंब फार सुरेख वाटला, लालभडक. वाळल्यावर आत एक बारीक तपकिरी कडं उमटलं. आणि तू म्हणालीस तसा पसरला नाही, गोळा होऊन बसला. वास मला किंचित जळका वाटला, पण त्या दिवशी मी दूध उतू घालवलं होतं, त्यामुळे माझ्या नाकावर विसंबू नकोस.

गाडी बाबांनी कुणा ओळखीच्याकडून घेतली. मी तेव्हाच विचारलं होतं, गिअरबॉक्स तपासलाय ना? तर म्हणाले, त्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला विचारून सगळं करून घेतलंय. तो जाणता माणूस तूच असणार हे मी ओळखलं, म्हणून तर निर्धास्त होते. आणि आता तू विचारतेस गाडी कुठून घेतली. विसरलीस की काय? वय झालं हो तुझं.

काल एका काचवाल्याने मला नवीन घोडी करून दिली, आतून लोकरीचा जाड नमदा लावलेली. म्हणाला, तुझ्या गाडीतून काच गेली की मला दिवसभर घोर नसतो. घरी येऊन मी ते वाक्य स्वतःला दोनदा म्हणून दाखवलं.

लवकर लिही. धक्के वाढलेत.

टकळी


९ मे

चि. टकळीस,

थेंब मिळाला. उत्तराला उशीर झाला, त्यात टपालाचा दोष नाही, मला बरं नव्हतं.

तेल ठीक आहे. फिल्टर थोडा चोंदला असावा. सध्या माल निम्मा ने. सकाळी गाडी पाच मिनिटं गरम होऊ दे, ब्रेकवर पाय ठेवून दांडा 'डी'वर घे आणि गाडीने पकड घेतली की मगच निघ. पॅन कुणाला उघडू देऊ नकोस. अर्धवट शिकलेले लोक होतं ते बिघडवून ठेवतात.

काळजी करू नकोस.

आत्या


९ मे

भाऊ,

तुझ्या मुलीने पाठवलेला तेलाचा थेंब दहा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. मी तो उजेडात धरला, उलटा केला, कात्रीने कापून आतून बघितला. माझं चुकत असावं म्हणून किती धडपडले ते माझं मला माहीत.

जानेवारीत तू आलास. याच टेबलाशी बसून चहा घेतलास. म्हणालास, ताई, एक जुनी पिकअप खपवायची आहे, गिअर सुटतो, गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ नये म्हणून काय करता येईल? मी विचारलं, गिऱ्हाईक कोण? तू म्हणालास, असाच कुणीतरी परका. आणि मी सांगितलं. अर्धं तेल काढ, नवं लाल तेल भर, त्यात ते डब्यातलं घट्ट औषध ओत, सुटणारा गिअर काही दिवस पकडून राहील. एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण धाकट्या भावापुढे हुशारी दाखवायची खोड. मी म्हणाले, तेल अगदी नवंकोरं दिसलं की जाणता माणूस संशय घेतो, म्हणून काढलेल्या तेलातलं कपभर परत घाल. हे मी तुझ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. थेंबातलं ते तपकिरी कडं त्या कपभर तेलाचं आहे.

तू म्हणालास, किती दिवस निघतील? मी म्हणाले, सपाट रस्त्यावर तीन महिने. आणि तू पोरीला सहा महिन्यांची अट घातलीस.

भाऊ, तू केसाने गळा कापलास. तिचा कापलास आणि सुरी माझ्याकडून धार लावून नेलीस. आज तिला मी खोटं लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिला तू स्वतः सांग, दुसरी गाडी दे आणि अट मोड. नाहीतर मी सांगेन.

ताई


१५ मे

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. सुरी काय, गळा काय. मी तिचा बाप आहे.

तू एकदा माझ्या जागी बसून बघ. दुकान मोठं झालंय, गुडघे गेलेत, शिडीवर चढून वरचा माल काढता येत नाही. घरात दोन ताटं होती ती एक झाली. पोरगी चार तासांच्या अंतरावर परक्यांच्या काचा वाहते. तिला नको म्हटलं असतं तर तिने हट्टाने दहा वर्षं काढली असती, तुझ्यावरच गेली आहे. म्हणून म्हटलं, करू दे, आणि आपोआप संपू दे. कुठेतरी रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहील. ती मला फोन करील. मी जाईन, एक शब्द न बोलता तिला घेऊन येईन. यात तिचं नुकसान काय झालं? गाव सपाट आहे, गाडी बंद पडणार एवढंच. तूच म्हणालीस तीन महिने. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

तिला खुशाल सांग. पण सांगशील तेव्हा कपभर तेलाचंही सांगावं लागेल. ती तुला देव मानते. मला तर ती आधीच नावं ठेवते, माझं फार जाणार नाही.

मधल्या काळात मी तिला भेटून येतो. तू शांत राहा.

तुझा,
भाऊ


२० मे

आत्या,

बाबा येऊन गेले. न कळवता, दुपारी, मी एका काचवाल्याच्या दारात माल बांधत असताना. खूप प्रेमाने वागले. माझ्या खोलीचा गळका नळ बदलून दिला. मग गाडीत बसले, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले, गिअर टाकताना धक्का बसतो का गं?

मी त्यांना धक्क्यांबद्दल काहीच बोलले नव्हते. म्हणजे तूच सांगितलंस. रागावले नाही, पण मला विचारून सांगायचं होतंस. माझ्या बाजूचं एकच माणूस आहे, ते तरी माझ्या बाजूला राहू दे.

आता खरी गोष्ट. टेकडीवर नवीन वाचनालय बांधलंय, त्याच्या दर्शनी भागाच्या बारा काचा आहेत, माझ्याहून उंच. ठेकेदार म्हणतो, अठ्ठावीस तारखेला या सुखरूप वर पोचव, पुढच्या सगळ्या बांधकामांच्या काचा तुझ्या. हे मिळालं तर जुलै काय, पुढची दोन वर्षं मला कुणाच्या अटीची फिकीर नाही. रस्ता मात्र चढाचा आहे, दोन वळणं अगदी उभी. आणि गाडी कधीकधी सपाटीवरसुद्धा दम खाते.

जाऊ की नको? तू नको म्हणालीस तर नाही जाणार, ठेकेदाराला काहीतरी कारण सांगेन. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. गिअरबॉक्सच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा.

टकळी


२४ मे

टकळे,

तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. त्याने अंदाजाने विचारलं असेल.

टेकडीचं म्हणशील तर जा. पण बारा काचा एकदम नेऊ नकोस, सहा-सहाच्या दोन खेपा कर. उन्हं वर यायच्या आत निघ, तेल तापलं की पातळ होतं. चढ लागायच्या आधीच दांडा 'एल'मध्ये, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाक आणि एका दमात वर जा. चढावर थांबू नकोस. कुठेही थांबू नकोस. एवढं पाळलंस तर जमेल.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं, अक्षर चांगलं येत नव्हतं.

आत्या


२ जून

आत्या,

थांबावं लागलं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं होतं. सहा काचा, सकाळची वेळ, दांडा 'एल'मध्ये. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर समोरून पाण्याचा टँकर वळत होता आणि रस्ता दोघांना पुरेल एवढा नव्हता. मी ब्रेक दाबला. टँकर गेला. ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलेटर दिला तर काटा पार वर, इंजिन फुटेल असा आवाज, आणि गाडी मागे. पुढे नाही, मागे. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, डाव्यानेसुद्धा. हँडब्रेक ओढला तर तो एवढ्या वजनाला धरेना. पाय जरा सैल झाला की चाक घसरायचं. मला खाली उतरता येईना, दार उघडता येईना, नुसती ब्रेकवर उभी होते. मग मागून एक माणूस आला आणि त्याने दोन्ही चाकांमागे दगड लावले. तेव्हा कुठे पाय काढला. डावा पाय अजून सुजलेला आहे. दोन काचा तडकल्या. ठेकेदाराने बाकीच्या दुसऱ्याच्या ट्रकमधून नेल्या, पुढचं काम विसर म्हणाला.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. तू नको म्हणाली होतीस तरी पॅन उघडायला लावला. मिस्त्रीने मला हाताला धरून खाली वाकवलं आणि दाखवलं. तळाशी काळा चुरा, आणि तेल काकवीसारखं. म्हणाला, बाई, हा गिअरबॉक्स तुमच्याकडे यायच्या आधीच संपला होता, कुणीतरी औषध घालून उभा केलाय. मी म्हटलं, माझ्या आत्याने थेंब बघितला, ती म्हणाली तेल ठीक आहे. तो म्हणाला, ज्याला थेंब वाचता येतो त्याला हे दिसतंच.

बाबा त्याच दिवशी संध्याकाळी आले. मी फोनवर फक्त गाडी बंद पडली एवढंच म्हणाले होते. त्यांनी येताना दुकानातली सात रिकामी खोकी आणली होती, माझं सामान भरायला. सोबत दोऱ्याचं बंडल आणि कात्री. एवढी तयारी माणूस तासाभरात करत नाही.

मला तुला एकच विचारायचंय. थेंबात तुला काय दिसलं होतं? दिसलं नसेल तर तसं लिही, मी तुझे डोळे तपासायला स्वतः घेऊन जाईन. आणि दिसलं असेल तर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, काळजी करू नकोस असं नको.


६ जून

टकळे,

दिसलं होतं. पाकीट उघडलं त्याच क्षणी दिसलं.

आता काही लपवत नाही. जानेवारीत तुझा बाप माझ्याकडे आला आणि खराब गिअरबॉक्सची गाडी कशी खपवायची ते मला विचारून गेला. औषध मी सांगितलं. नव्या तेलात कपभर जुनं मिसळायची युक्तीही माझी. तीन महिने निघतील हा हिशोबही माझा. ती गाडी तुझ्यासाठी आहे हे त्याने मला सांगितलं नाही. तू थकून घरी परत यावंस, एवढ्यासाठी त्याने हे केलं. त्याचं पत्र माझ्याकडे आहे, हवं तर पाठवते.

थेंब बघितला तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग त्याला लिहिलं, तर त्याने मला तुझीच भीती घातली, की तू मला काय समजशील. आणि मी मूग गिळून बसले. टेकडीचं विचारलंस तेव्हा नको लिहिलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी अंदाज केला की निम्म्या वजनाला पेलेल. तीस वर्षांत माझा अंदाज चुकला नव्हता, त्या घमेंडीवर तुला चढावर पाठवलं. त्यानंतर रोज दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघितली. त्याची घंटा मला ऐकू येत नाही ना.

तू बोलशील ते ऐकून घेईन. पण एवढं खरं मान, की ती गाडी तुझ्याकडे येणार हे कळलं असतं तर मी जीव गेला तरी तोंड उघडलं नसतं. मला वाटलं, तो ती कुणा परक्याला विकतोय.

गिअरबॉक्स माझ्याकडे पाठव. माझे हात अजून चालतात. एकेक चकती नवी घालून मी तो तुला उभा करून देते, खोटं काही न घालता. मग तू त्याच्या नाकावर टिच्चून जुलै पार कर.

आत्या


१७ जून

आत्या,

बाबांबरोबर मी गेले नाही. खोकी त्यांची त्यांना परत गाडीत भरून दिली. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, अटीचं काय? तोपर्यंत तुझं पत्र आलेलं नव्हतं, नुसता संशय होता. तरी मी म्हटलं, अट सरळ माणसाने सरळ गाडी देऊन घातली असती तर मी हरले असते. ते पायरीवर बसले आणि रडले. मी पाणी दिलं. मग ते गेले.

धंदा सतरा दिवस बंद होता. परवापासून हातगाडी भाड्याने घेतली आहे, छोट्या काचा तिच्यावर बसतात. चारांपैकी तीन काचवाले अजून मला माल देतात. नमद्याची घोडी मोठी पडते, म्हणून ती अर्धी कापून घेतली. पाय दुखतो. एकतीस जुलैला काय होईल ते मला माहीत नाही आणि त्या तारखेशी आता माझं काही देणंघेणं नाही.

बाबांचा राग आहे आणि तो बराच काळ राहील. पण त्यांच्याशी मी भांडू शकते. त्यांना मी घरात हवी होते, त्यासाठी त्यांनी घाणेरडा मार्ग धरला. कधीतरी, पाचसहा वर्षांनी, मी त्यांना तोंडावर हे सगळं ऐकवीन आणि मग कदाचित दोघं जेवायला बसू. तुझ्याबद्दल असं काही मला सुचत नाही. तुझं पत्र मी कितीदा वाचलं. लपवलंस त्याचं मला रडू आलं. टेकडीवर पाठवलंस ते वाचून पत्र बाजूला ठेवलं. पण अडकले ते तुझ्या त्या एका वाक्यापाशी, जे तू माझी समजूत काढायला लिहिलंस. कुणा परक्याला विकतोय असं वाटलं म्हणून.

गेल्या पत्रात मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. दगड लावणारा तो माणूस माझ्या मागे स्कूटरवर होता. स्कूटरवर त्याच्यापुढे पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. माझी गाडी मागे आली तेव्हा स्कूटर चिरडली आणि त्याने तिला ओढून काढलं. तिच्या पायापासून माझं चाक वीतभर राहिलं. तिला त्याने कठड्याशी उभं केलं, हलू नकोस म्हणाला, आणि आधी माझ्या चाकांना दगड लावायला धावला. मला खाली उतरवलं. मग माझ्यावर ओरडला, म्हणाला, अशी गाडी रस्त्यावर आणतेसच कशी? मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पण त्याचा पत्ता नाही.

गिअरबॉक्स पाठवणार नाही. तू तो उत्तम करशील यात मला शंका नाही.

आत्या, ती गाडी तू त्या स्कूटरवाल्यासारख्या परक्या माणसासाठीच तयार केली होतीस. मी मध्ये आले एवढंच.